बोटं जातात कुठे? वेल्लोरच्या एका प्रश्नाचा माग

कुष्ठरोगात बोटं का जातात याच्या शोधाचं हे प्रकरण मी कुष्ठतंत्रज्ञांच्या बऱ्याच तुकड्यांना शिकवलं आहे, आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघातही दोनदा सांगितलं आहे. दोन्हीकडच्या श्रोत्यांना त्यातलं वेगवेगळं काही आवडतं. तंत्रज्ञांना उंदरांचा किस्सा लक्षात राहतो, मंडळीला हस्तांदोलनाचा. मला स्वतःला आवडतो तो मधला कंटाळवाणा भाग. टाचणी आणि पीस घेऊन हातामागून हात तपासत बसण्याचा.

आधी हस्तांदोलन, कारण ते टाळून पुढे जाता येत नाही.

साल १९४७. मद्रासजवळच्या चिंगलपटचं लेडी विलिंग्डन कुष्ठ रुग्णालय. तिथले प्रमुख रॉबर्ट कॉक्रेन म्हणजे कुष्ठरोगातलं त्या काळचं मोठं नाव. त्यांच्याबरोबर आवारात फिरत होते पॉल ब्रँड, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आदल्याच वर्षी आलेले तिशीतले सर्जन. ब्रँड मिशनरी घरातले. जन्म १९१४ चा, तमिळ मुलखातल्या कोल्ली डोंगरातला. नऊ वर्षांचे असताना शिक्षणासाठी इंग्लंडला गेले, आणि १९२९ मध्ये वडील इकडे डोंगरातच मलेरियाच्या वाईट प्रकाराने वारले. डॉक्टर होण्याआधी ब्रँड काही वर्षं बांधकामाचा धंदा शिकले होते, गवंडीकाम आणि सुतारकाम दोन्ही. ही सुतारकी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आवारात रुग्णांचे हात त्यांना दिसत होते. बोटं आत वळून पंजा झालेले, काही ठिकाणी नुसते खुंट उरलेले. ब्रँडनी कॉक्रेनना विचारलं की हे असं का होतं, आणि यावर तुम्ही काय करता? कॉक्रेनचं उत्तर थोडक्यात असं की मी कातडीचा डॉक्टर, हाडांचे डॉक्टर तुम्ही, तुम्हीच सांगा. पोलिओने किंवा अपघाताने जेवढे हात वाकडे होत नसतील तेवढे या रोगाने होतात, आणि हाडांच्या एकाही डॉक्टरने अजून तिकडे पाहिलेलं नाही.

मग ब्रँडनी एका तरुण रुग्णाच्या पंज्यात आपला हात दिला आणि म्हणाले, जोराने दाब. त्यांना वाटलं होतं की लुळा हात आहे, काय दाबणार? त्या तरुणाने असा दाबला की ब्रँड कळवळले. त्याची नखं त्यांच्या हातात रुतली होती. तो मात्र हसत होता. आपण कुणाला दुखवतोय याची त्याला खबरच नव्हती.

आमच्या मंडळीत ही गोष्ट नेहमी स्पर्शाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला, तसा यांनीही लावला. खोटं नाही ते. पण त्या क्षणी ब्रँडच्या डोक्यात जे चाललं होतं त्याला आम्ही फिजिओ लोक स्नायूंची तपासणी म्हणतो. पंजा झालेला हात इतका जोर लावतो, याचा अर्थ कोपराखालचे, बोटं मिटवणारे स्नायू धडधाकट आहेत. आणि हसू सांगतं की संवेदना गेलेली आहे. म्हणजे एकाच हातात काहीतरी मेलंय आणि काहीतरी जिवंत आहे. काय मेलंय, काय जिवंत आहे, आणि हे प्रत्येकात सारखंच असतं का? पुढची सगळी वर्षं या प्रश्नात गेली.

सगळ्यांना माहीत असलेलं उत्तर

बोटं जातात कुठे, याचं उत्तर तेव्हा सगळ्यांकडे तयार होतं. कुष्ठरोगात मांस सडतं आणि बोटं झडतात. डॉक्टर हेच मानत, रुग्ण हेच मानत, गाव तर मानतच होतं. शब्दसुद्धा त्याच वळणाचा आहे. 'हातपाय झडलेला' असंच आपण म्हणतो, जणू झाडाचं पान.

या उत्तराला धर्माचा पाठिंबाही होता, आणि इथे आम्हा ख्रिस्ती लोकांना मान खाली घालावी लागते. बायबलातल्या लेवीयच्या पुस्तकात १३ व्या आणि १४ व्या अध्यायात ज्या रोगाची लक्षणं याजकाने तपासायची आहेत, तो हा रोग असेलच असं नाही. तिथे कापडाला आणि घराच्या भिंतीलाही तोच रोग होतो, म्हणजे बुरशीसारखं काहीतरी असावं. हॅन्सनने नॉर्वेत कुष्ठरोगाचा जंतू शोधला तो तर १८७३ मध्ये. पण मराठी बायबलात शब्द आला 'कुष्ठरोग', आणि हजारो वर्षांपूर्वीचं अशुद्धपण आजच्या माणसाच्या चट्ट्याला येऊन चिकटलं. शुभवर्तमानात आंधळे बरे होतात, लंगडे चालतात, कुष्ठरोगी मात्र 'शुद्ध' होतात. हा शब्द ऐकत मोठा झालेला माणूस स्वतःच्या पाठीवर चट्टा दिसला की आधी दवाखान्यात जाईल की लपवेल?

आणि हे मिशन हॉस्पिटलांच्या बाहेरच होतं असंही नाही. वेल्लोरचं रुग्णालय आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये एका खाटेपासून उभं केलेलं, सेवेसाठी नावाजलेलं. पण ब्रँड आले तेव्हा तिथे कुष्ठरुग्णाला खाट मिळत नव्हती. त्याला दाखल केलं तर बाकीचे रुग्ण पळून जातील, ही भीती. भीती खरी होती, म्हणून मी कुणाला नावं ठेवत नाही. एवढंच म्हणतो की श्रद्धा होती, स्पर्शाचा धडा देवळात वाचला जात होता, आणि तरी खाट नव्हती.

टाचणी आणि पीस

ब्रँड चिंगलपटला परत परत जाऊ लागले. एकेका रुग्णाचा एकेक स्नायू हलवून बघायचा, कातडीवर पीस फिरवायचं, टाचणी टोचायची आणि कागदावर खुणा करायच्या. शेकडो हात झाल्यावर खुणांमध्ये एक नक्षी दिसू लागली. रोग हातात वाटेल तसा पसरत नव्हता. करंगळीच्या बाजूची अल्नर नस कोपराशी निकामी झालेली, अंगठ्याच्या बाजूची मीडियन नस मनगटाशी. जिथे जिथे नस कातडीच्या लगत येते तिथे तिथे ती मार खाते. हा जंतू थंडावा धुंडाळतो. खोलवरचे, उबदार भागातले स्नायू त्याने सोडून दिलेले असतात.

सर्जनसाठी ही नक्षी म्हणजे खजिन्याचा नकाशा. तळहातातले बारीक स्नायू गेलेले, पण त्यांचं काम उसनं घेता येईल असे स्नायू कोपराखाली शाबूत. अनामिकेला मिटवणारे कंडरे (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) दोन असतात. त्यातला वरचा सोडवायचा, उभा चिरून त्याच्या चार पट्ट्या करायच्या, आणि तळहातातून नेऊन चारही बोटांच्या कडेला शिवायच्या. ही युक्ती हाताच्या शस्त्रक्रियेत आधीपासून होती, ब्रँडनी ती या रोगात आणली. नंतर त्यांनी मनगट उचलणारा स्नायू वापरून स्वतःची पद्धत बसवली, तिला आजही त्यांचं नाव आहे.

पहिल्यांदा ज्याच्यावर हे केलं, तो असा तरुण होता की त्याच्याकडे गमावण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं. कातडी शिवली की भरेल का, हाच मुळात प्रश्न. मांस सडतं म्हणतात, मग जखम भरणार कशी? ती भरली. साध्या माणसाची भरते तशी. आणि कापून काढलेल्या बोटांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली घातले तेव्हा सडण्याचं कारण म्हणावं असं काही दिसलं नाही. जवळजवळ साधंच मांस. सडतं, झडतं हे उत्तर तिथेच डळमळलं.

शस्त्रक्रियेनंतरचं काम माझ्या धंद्याचं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. तीनेक आठवड्यांनी प्लास्टर काढलं की हात उघडा पडतो, पण मेंदूला नवी व्यवस्था माहीत नसते. रुग्ण अनामिका मिटवायला जातो आणि चारही बोटं मुळाशी वाकतात. तो दचकतो. साध्या माणसाला हे शिकवणं सोपं असतं, कारण बोट कुठे आहे हे त्याला डोळे मिटूनही कळतं. याला कळत नाही. याला सगळं डोळ्यांनी शिकावं लागतं. मी असे रुग्ण पाहिले आहेत जे भाताचा घास घेताना बोटांकडे टक लावून बघतात, जणू दुसऱ्याचा हात आहे. विजेचा दिवा गेला की घास ताटात पडतो.

भिकेचे हात

इथे प्रकरण संपायला हवं होतं. हात सरळ झाला, रोगावर डॅप्सोन नावाचं औषध नुकतंच येऊ लागलं होतं, माणूस घरी गेला. पण तो परत आला, आणि तक्रार घेऊन आला. आता भीक मिळत नाही म्हणाला. पंजा बघून लोक पैसे टाकत होते. सरळ हात बघून कोण टाकणार? आणि काम म्हणावं तर हात सरळ असला तरी अंगावरची खूण जात नाही, भाड्याने खोलीसुद्धा कुणी देत नाही.

या तक्रारीवर लोक हसतात. मला तिच्यात सगळ्या प्रकरणाचं मर्म दिसतं. लेवीयच्या नियमात रोग गेल्यावर माणसाने याजकाकडे जायचं होतं, आणि तो शुद्ध झाल्याचं याजकाने जाहीर करायचं होतं. येशूनेही त्या माणसाला हात लावून बरं केल्यावर आधी याजकाकडेच पाठवलं. का? कारण कातडी बरी होणं हे अर्धंच काम. गावाने परत आत घेणं हे उरलेलं अर्धं, आणि त्याला कुणाची तरी सही लागते. वेल्लोरला सही करायला कुणी नव्हतं.

१९५१ मध्ये कॉलेजच्या आवारात मातीच्या भिंतींच्या झोपड्या उभ्या राहिल्या, नाव 'नवजीव निलयम'. शस्त्रक्रिया झालेली मुलं तिथे राहत आणि लाकडी खेळणी बनवत. ब्रँडची ती जुनी सुतारकी इथे कामाला आली. रंधा कसा धरायचा, करवत कशी चालवायची, हे ते स्वतः शिकवत. भिकेचे हात कामाचे झाले.

आणि त्याच हातांवर रोज नव्या जखमा दिसू लागल्या.

जखमांची हजेरी

रोग औषधाने आटोक्यात. शस्त्रक्रिया यशस्वी. तरी बोटं आखूड होतच होती. मांस सडत नसेल, तर मग जातं कुठे?

एका प्रसंगाने सुगावा लागला. कोठाराच्या दाराला गंजलेलं कुलूप होतं. ब्रँडनी किल्ली फिरवून पाहिली, फिरेना. शेजारी एक बारक्या अंगाचा मुलगा उभा होता, म्हणाला मी बघतो. त्याने किल्ली धरली आणि झटक्यात फिरवली. ब्रँडना आश्चर्य वाटलं की या पोराला एवढी ताकद कुठून? मग जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. मुलाचं बोट उलटून पाहिलं तर किल्लीने ते हाडापर्यंत कापलेलं. मुलाला पत्ताच नाही.

ताकद त्याला जास्त नव्हती. थांब म्हणणारं कुणी नव्हतं. आपण किल्ली फिरवतो तेव्हा दुखायला लागलं की आपोआप सैल सोडतो. आपली ताकद किती वापरायची हे आपलं दुखणं ठरवतं. त्याचं दुखणंच गेलेलं होतं.

तिथून ब्रँड आणि ती मुलं मिळून पोलिसांसारखी तपास करू लागली. रोज प्रत्येकाचे हात बघायचे. जखम दिसली की कारण सापडेपर्यंत सोडायचं नाही. हातोड्याच्या दांड्याला कुसळ होतं. तव्याचा कान तापलेला होता. रात्री कंदिलाच्या उजेडात वाचताना काचेला हात टेकला होता. एकेका जखमेमागे असा साधा, घरगुती गुन्हेगार निघाला.

काही जखमांचा मात्र उलगडा होईना. रात्री झोपताना बोट धड असायचं आणि सकाळी त्याचा तुकडा गायब. मग कुणीतरी रात्री जागून पहारा केला, आणि दिसलं की उंदीर येऊन बोट कुरतडतोय आणि झोपलेल्याला जागही येत नाही. दुसऱ्या दिवसापासून मांजरं पाळायला सुरुवात झाली. पुढे घरी जाणाऱ्या मुलाबरोबर मांजर देण्याची रीतच पडली. आधुनिक वैद्यकाच्या इतिहासात मांजर लिहून दिल्याचं हे एकमेव उदाहरण असावं, निदान माझ्या माहितीत.

काटेकोरपणासाठी एक गोष्ट नोंदवतो, कारण शिकवताना ती सुटते. सगळं बोट जखमांमुळेच जातं असं नाही. काही वेळा जंतू बारीक हाडांना थेट इजा करतो, आणि जखमेतला पू हाडात उतरून हाड खातो. पण बोटं जाण्यातला मोठा वाटा बधिरपणाचा आणि त्यातून होणाऱ्या रोजच्या इजांचा, हे वेल्लोरने दाखवलं. आज जगभर मधुमेहाचे पाय ज्या रीतीने सांभाळतात, तिचं एक मूळ इथे आहे. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठ रुग्णालयात गेले आणि हेच ज्ञान त्यांनी मधुमेहींच्या पायांना लावलं.

डॉक्टरांची एक रात्र

एक प्रसंग मी कधीच गाळत नाही. अमेरिकेचा अभ्यासदौरा आटोपून ब्रँड इंग्लंडला पोहोचले. बोटीचा प्रवास, मग रेल्वे, अंगात कणकण. रात्री खोलीत मोजे काढताना जाणवलं की एका टाचेला काहीच कळत नाही. टाचणी टोचली. रक्त आलं, दुखलं नाही. आणखी खोल टोचली. तरी नाही.

रात्रभर ते जागे होते. हा रोग सहजासहजी लागत नाही हे त्यांना ठाऊक होतं. जगाला हेच ते सांगत होते. तरी त्या रात्री त्यांच्या डोक्यात बायको-मुलांपासून वेगळं राहायचे बेत चालले होते. सकाळी पुन्हा टाचणी घेतली, टोचली, आणि दुखण्याने ओरडले. प्रवासात तासन्‌तास एका जागी बसून नस दबली होती, एवढंच. त्या दुखण्याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले, आणि पुढे आयुष्यभर दुखणं ही देणगी आहे असं ते सांगत राहिले.

मला यात देणगीपेक्षा ती रात्र महत्त्वाची वाटते. ज्याने शेकडो हातांत हात दिले, ज्याला विज्ञान आणि शुभवर्तमान दोन्ही तोंडपाठ, त्याच्याही आत ते जुनं 'अशुद्ध' दबा धरून होतं. मग आमच्या गावातल्या माणसाला दोन पत्रकं वाटून आपण काय अपेक्षा करतो?

आमच्याकडचं

आता घरचं बोलतो. हस्तार्पण करून, म्हणजे आजाऱ्यावर हात ठेवून, प्रार्थना होते त्या सभांना मी जातो. प्रार्थनेला माझा आक्षेप नाही, मीही करतो. पण या रोगात एक फसवी गोष्ट आहे, ती पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, मी सांगत असतो. चट्टा दुखत नाही. खाजत नाही. 'बरं वाटतंय का?' या प्रश्नाला चट्टेवाला माणूस पहिल्या दिवसापासून 'हो' म्हणू शकतो, आणि त्याच्या तोंडून सभेत बरं झाल्याची साक्ष येते. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी अशीच साक्ष दिली आणि गोळ्यांचं पाकीट बंद केलं. बहुविध औषधोपचाराच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण त्यांनी लघवी लाल होते, कातडी काळवंडते. बंद करायला निमित्त हवंच होतं. वर्षभराने करंगळी वळू लागली तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, जंतू गेले. करंगळी वळलेली राहिली. मेलेली नस औषधाने परत येत नाही, आणि माझ्या पाहण्यात प्रार्थनेनेही आलेली नाही. पाळकसाहेबांना मी एवढंच म्हणालो की प्रार्थना करा, पण साक्ष घेण्याआधी टाचणी लावून बघा. ते रागावले नाहीत. आता चट्टा दिसला की ते आधी फोन करतात.

कायद्याचंही एक सांगतो. ख्रिस्ती विवाहासाठीच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात कुष्ठरोग हे काडीमोडाचं कारण म्हणून होतं. हिंदू आणि मुस्लिम विवाहांच्या कायद्यांतही होतं. ते निघालं २०१९ मध्ये. म्हणजे फुकट गोळ्यांनी रोग बरा होऊ लागल्यावरही कित्येक वर्षं कायदा बायकोला किंवा नवऱ्याला सोडायची मुभा देत होता.

वेल्लोर आणि त्याजवळच्या कारिगिरीच्या कुष्ठ रुग्णालयाच्या कामातून आलेली एक वस्तू आमच्या रोजच्या कामात आहे: एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल. तळाला मऊ रबर, बधिर पायावर एका जागी भार पडू नये म्हणून. सोबत रोजचा नेम सांगायचा: पाय पाण्यात भिजव, जाड कातडी दगडाने घास, तेल लाव, तळवा आरशात बघ. त्याच बाईंच्या पायालाही पुढे बधिरपणा आला, त्यांना चप्पल दिली. तरी तळव्याची जखम भरेना. मी विचारलं, चप्पल घालता ना? रोज घालते म्हणाल्या. मग एका रविवारी मी देवळाच्या दारात उभा राहून चपलांची रांग बघितली. त्यांची चप्पल नव्हती. त्या बाजारातल्या पातळ प्लास्टिकच्या चपला घालून आल्या होत्या. ती काळी, जाड पट्ट्यांची सरकारी चप्पल दारात काढली की ती कुणाची आणि कशाची, हे अख्ख्या मंडळीला कळतं.

मी मोच्याकडे गेलो. तळ तोच ठेवायला सांगितला, वर बाजारातल्यासारखे तपकिरी पट्टे आणि एक छोटं फूल. अडीच महिन्यांत जखम भरली. परवा उपासना सुटल्यावर त्या दारात वाकून चपलांच्या ढिगात आपली जोडी शोधत होत्या, आणि ती पटकन सापडत नव्हती.